धाप दम्याची की धास्तीची?

“डॉक्टर, हिला खरंच दमा आहे, की नुसतं टेन्शन?” उमेळ्याच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न महिन्यातून दोन-चार वेळा तरी माझ्या कानावर येतो. विचारणारा कधी नवरा असतो, कधी सासूबाई, कधी आई. ज्या व्यक्तीविषयी विचारले जाते ती शेजारच्याच स्टुलावर मान खाली घालून बसलेली असते. प्रश्नात ‘नुसतं’ हा शब्द हमखास असतो. आजचा लेख या ‘नुसतं’विषयी आहे. या शब्दापायी एकदा एका बाईंच्या जिवावर बेतले होते, आणि तो शब्द त्या वेळी माझ्याच तोंडून गेला होता.

काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली गोष्ट. तिशीतल्या या बाईंचे यजमान माझ्या जुन्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना वहिनीच म्हणतो. घर खाडीच्या बाजूला, तळमजल्यावर. भिंतींना पावसाळाभर ओल. वहिनी रोज लोकलने नोकरीला जात. “गाडीत चढले की छाती आवळल्यासारखी होते, श्वास पुरत नाही,” अशी तक्रार घेऊन त्या आठवडाभरात दोनदा आल्या. दोन्ही वेळा दुपारी. मी छाती तपासली, दोन्ही फुप्फुसे स्वच्छ. ना घरघर, ना शिट्टीचा आवाज. घरात काही ताण आहे का विचारले, तर डोळ्यांत पाणी आले. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. यजमानांना म्हणालो, “काही नाही, नुसतं टेन्शन आहे. विश्रांती द्या.”

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मध्यरात्रीनंतर त्यांना धाप लागली. घरातल्यांनी पाठीवरून हात फिरवला, देवाचे नाव घ्यायला सांगितले, “घाबरू नकोस, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलंय,” असा धीर दिला. असा दीड-दोन तासांचा वेळ गेला. रिक्षातून माझ्या दारात आणले तेव्हा वहिनींना एक वाक्य सलग बोलता येत नव्हते आणि ओठांवर निळसर छटा होती. ऑक्सिजन, वाफेचे मशीन, स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि पुढे रुग्णालयातले चार दिवस, यांतून त्या सुखरूप बाहेर आल्या. तो दमाच होता. दिवसा तपासलेली छाती स्वच्छ असणे म्हणजे दमा नसणे नव्हे, हे मी पुस्तकात शिकलो होतो. डोळ्यांतले पाणी पाहून ते विसरलो होतो.

दम्यात नेमके काय होते?

आपल्या श्वासनलिका म्हणजे झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक होत जाणाऱ्या नळ्या. दमेकऱ्याच्या या नळ्यांना आतून कायमची थोडी सूज असते. त्यामुळे त्या हळव्या झालेल्या असतात. धूळ, धूर, ओलीची बुरशी, थंड हवा, सर्दीचा विषाणू अशा कशाचेही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आकसतात, आतले अस्तर अधिक सुजते आणि चिकट कफ साठतो. नळी अरुंद झाली की हवा आत ओढण्यापेक्षा बाहेर टाकणे अवघड जाते. तीच आपल्याला ऐकू येणारी शिट्टी. रात्री आणि पहाटे हा त्रास वाढतो. आयुर्वेदाने श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ‘तमक श्वासा’चे चरकसंहितेतले वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळते.

हा आजार थोडाथोडका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात सुमारे ४ लाख ५५ हजार लोक दम्याने दगावले. यांतले बरेचसे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, कारण सुजेवरचे औषध उपलब्ध आहे.

मनाचा संबंध येतो कुठे?

पूर्वीचे डॉक्टर दम्याला मनाचाच आजार समजत. सर विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ सालच्या गाजलेल्या ग्रंथातही दम्याची गणना मज्जासंस्थेच्या विकारांच्या अंगाने केली होती. १९५० साली फ्रान्झ अलेक्झांडर या मानसतज्ज्ञाने मनातून उद्भवणाऱ्या सात रोगांच्या यादीत दमा घातला. पुढे सुजेचे आणि अ‍ॅलर्जीचे ज्ञान वाढले आणि ही समजूत मागे पडली. दमा हा नळ्यांचा रोग आहे. मनाने तो निर्माण होत नाही. पण झालेल्या दम्याला मन चेतवू शकते, आणि याला चांगला पुरावा आहे.

वसईकरांना फुलांची ओळख करून द्यायला नको, म्हणून आधी गुलाबाची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डॉ. जॉन मॅकेन्झी यांच्याकडे एक रुग्ण बाई येत. गुलाबाजवळ गेले की त्यांना शिंका येत, नाक वाहे, छाती भरे. डॉक्टरांनी हुबेहूब खऱ्यासारखा कृत्रिम गुलाब आणला, पाकळी-पाकळी पुसून घेतली आणि तो बाईंसमोर धरला. थोड्याच वेळात त्यांना नेहमीचा सगळा त्रास सुरू झाला. हा अनुभव मॅकेन्झींनी १८८६ साली प्रसिद्ध केला.

एका रुग्णावरून अनुमान काढू नये हे खरेच. पण १९६८ साली अमेरिकेत लुपारेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० दमेकऱ्यांवर रीतसर प्रयोग केला. त्यांना साध्या मिठाच्या पाण्याची वाफ दिली आणि सांगितले की ज्या पदार्थाने तुम्हाला त्रास होतो तोच यात आहे. ४० पैकी १९ जणांच्या श्वासनलिका मोजता येण्याइतक्या आवळल्या, आणि त्यांतल्या १२ जणांना दम्याचा खराखुरा झटका आला. पुढे तेच मिठाचे पाणी “हे औषध आहे” असे सांगून दिल्यावर नळ्या मोकळ्याही झाल्या.

इथे वाचकांपैकी कुणी म्हणेल, “बघा, म्हणजे मनाचेच खेळ!” पण या प्रयोगाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांना दमा नव्हता अशांना हीच वाफ, हीच बतावणी करून दिली, तेव्हा त्यांच्यातल्या एकाच्याही नळ्या आवळल्या नाहीत. म्हणजे भीतीने नळी आवळली जायला ती आधीपासून रोगाने हळवी झालेली असावी लागते. आणि आवळलेली नळी ही खरीच आवळलेली असते. तिचे निमित्त धूळ की धास्ती, याने गुदमरण्यात फरक पडत नाही.

हे घडते कसे? मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक नस आहे. ती श्वासनलिकांच्या स्नायूंना आकसण्याचा आदेश देते. तीव्र भावनांच्या वेळी ही नस चाळवली जाते. म्हणून काही मुलांना रडता-रडता, काहींना तर खदखदून हसल्यावरही ढास लागते. दुसरी वाट आहे भरभर श्वासाची. घाबरलेला माणूस तोंडाने जलद श्वास घेतो. नाकात हवा ऊबदार व ओलसर होते, ती सोय तोंडात तितकी नाही. कोरडी हवा नळ्यांचे अस्तर सुकवते आणि हळव्या नळ्या आवळतात. तिसरी वाट दीर्घ ताणाची. विस्कॉन्सिन विद्यापीठात सौम्य दमा असलेल्या विद्यार्थ्यांना अ‍ॅलर्जीचा पदार्थ एकदा निवांत काळात आणि एकदा परीक्षेच्या काळात हुंगवला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परीक्षेच्या दिवसांत सुजेच्या पेशी अधिक वाढलेल्या आढळल्या. पदार्थ तोच, माणूस तोच, फरक होता तो परीक्षेचा. दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. परीक्षा जवळ आली म्हणून रोजचा पंप बंद करण्याची ती वेळ नव्हे.

उलटी बाजू

वहिनींची गोष्ट रुग्णालयातून घरी आल्यावर संपली नाही. जीव जाता-जाता वाचलेल्या माणसाला पुढच्या झटक्याची धास्ती बसते. ती बसणे स्वाभाविकच आहे. वहिनी पंप उशाशी घेऊन झोपू लागल्या. गाडीत पाय ठेवला की पंप, जिना चढल्या की पंप, कुणी उदबत्ती लावली की पंप. या निळ्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने नळी मोकळी होते, पण जास्त प्रमाणात घेतले तर हात थरथरतात आणि छाती धडधडते. धडधड झाली की भीती वाढे, भीतीने श्वास जलद होई, आणि वहिनी पुन्हा पंप घेत. असे चक्र सुरू झाले.

दमेकऱ्यांमध्ये चिंतेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. दम्यामुळे चिंता आणि चिंतेमुळे दमा, असे दोन्ही बाजूंनी चालते. म्हणून ‘दमा की टेन्शन’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘दोन्ही’ असे असते. आज रात्रीची धाप दोन्हींपैकी कशाची, एवढेच ठरवायचे असते.

ओळखायचे कसे?

भीतीच्या झटक्यात माणूस इतका भरभर श्वास घेतो की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोके हलके होते. हवा पुरत नाही असे वाटते, मोठा उसासा घ्यावासा वाटतो. खोकला आणि शिट्टी सहसा नसते. हा झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो. दम्यात खोकला येतो, श्वास सोडताना सूं-सूं आवाज होतो, पहाटे झोपमोड होते, सर्दीनंतर किंवा धुरात त्रास वाढतो आणि पंपाने बऱ्यापैकी आराम पडतो.

पण लक्षणांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. मी ठेवली होती. त्यापेक्षा पीक फ्लो मीटर हे छोटे उपकरण चांगले. प्लास्टिकची एक नळी आणि तिच्यावर आकडे. पूर्ण श्वास भरून जोरात फुंकायचे. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. विजेची गरज नाही.

वहिनींना मी एक शंभरपानी वही करायला सांगितली. सकाळी, रात्री आणि धाप लागेल तेव्हा आकडा लिहायचा, शेजारी त्या वेळी काय चालले होते ते लिहायचे. त्यांचा चांगल्या दिवसाचा आकडा ३६० होता. महिन्याभराने वही पाहिली. लोकलच्या गर्दीत जीव घाबरला, उतरल्यावर फुंकले तर आकडा ३५०. हातापायांना मुंग्या. ती धाप धास्तीची. एका पहाटे चारला मात्र खोकल्याने जाग आली, आकडा २१०. तो दमा. अशा पाच पहाटांपैकी चारांच्या आदल्या रात्री घरात मच्छर अगरबत्ती लावलेली होती. खाडी आणि मिठागरे जवळ असलेल्या आपल्या भागात डासांचा उपद्रव मोठा, आणि कॉइल घरोघरी. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरले होते. बंद खोलीत दमेकऱ्याच्या उशाशी याचा काय परिणाम होत असेल, हे वेगळे सांगायला नको. त्या घरात कॉइल जाऊन मच्छरदाणी आली.

माझ्यापेक्षा त्या वहीने निदान चांगले केले, हे कबूल केलेले बरे.

आकड्यांचा सर्वसाधारण हिशेब असा. स्वतःच्या उत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक. ८० आणि ५० टक्क्यांच्या मध्ये असाल तर डॉक्टरांनी आखून दिलेले औषध घ्या आणि त्यांना दाखवा. ५० टक्क्यांखाली गेलात तर ताबडतोब रुग्णालय. काही जणांना नळ्या निम्म्या आवळल्या तरी फारसे जाणवत नाही. “मला काही होत नाही” म्हणणाऱ्या अशा शांत माणसांना धोका जास्त असतो, म्हणून त्यांनी तर आकडा बघितलाच पाहिजे.

संशय असेल तेव्हा

एक नियम सर्वांनी पाठ करावा. आधीच दम्याचे निदान झालेल्या माणसाला धाप लागली आणि कशाची ते कळेना, तर दमा समजून उपचार करावा. भीतीचा झटका वाट पाहतो, दमा पाहत नाही. रुग्णाला ताठ बसवा, आडवे करू नका. साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर स्पेसर लावून एकेक करून ४ पंप द्या, प्रत्येक पंपानंतर ४ श्वास घेऊ द्या, मग ४ मिनिटे थांबा. फरक पडला नाही तर पुन्हा ४, आणि तोवर १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, ग्लानी येत असेल, तर मिनिटही थांबू नका. शिट्टीचा आवाज एकाएकी थांबला आणि रुग्ण थकलेला दिसला, तर बरे वाटले असे समजू नका. हवा आत-बाहेर जाणेच थांबत आल्याची ती खूण असू शकते.

कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा प्रकार दमेकऱ्यावर कधीही करू नये. झटक्यात झोपेची किंवा गुंगीची गोळी देऊ नये, त्याने श्वास आणखी मंदावतो. छातीची धडधड आणि हातांची थरथर थांबवायला दिली जाणारी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी दमेकऱ्याच्या नळ्या घट्ट आवळू शकते. म्हणून ‘टेन्शन’साठी कुठल्याही डॉक्टरकडे जाल, तेव्हा दमा असल्याचे आधी सांगा. आणि दम्यासाठी माँटेलुकास्टची गोळी चालू असताना झोप बिघडली, चिडचिड किंवा उदासी वाढली, तर तेही डॉक्टरांना सांगा. मनावरच्या अशा परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली ठळक इशारा दिला आहे.

दोन्हींवर इलाज

सुजेवरचे औषध, म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड, हा उपचाराचा पाया. “पंपाची सवय लागते” ही समजूत आपल्याकडे अजून जात नाही. पंपातली मात्रा अतिशय कमी असते आणि ती थेट नळीत जाते. घेतल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे झाले. तात्पुरता आराम देणाऱ्या निळ्या पंपावर एकट्यावर दमा सांभाळू नये, असे दम्याविषयी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या तज्ज्ञगटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. निळा पंप वरचेवर लागत असेल तर आपला दमा आटोक्यात नाही, असे समजावे.

श्वासाचे व्यायाम उपयोगी आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाभ्यास प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. नाकाने, सावकाश, पोटापासून श्वास घेणे आणि सोडताना जास्त वेळ लावणे, एवढे जरी रोज दहा मिनिटे केले तरी भरभर श्वासाची खोड मोडते आणि धीर वाढतो. मात्र यामुळे नळ्यांची सूज जात नाही. प्राणायाम पंपाच्या जोडीने करायचा, पंपाच्या बदल्यात नव्हे. झटका चालू असताना कपालभाती वगैरे मुळीच करू नये.

चिंता वरचेवर छळत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. विचारांना वळण लावणारे समुपदेशन भीतीच्या झटक्यांवर चांगले लागू पडते. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि मराठीतही बोलता येते.

आणि घरच्यांसाठी. धाप लागलेल्या माणसाला “घाबरू नकोस” म्हणू नका. श्वास मिळत नसताना कोण घाबरणार नाही? त्याऐवजी, “मी इथं आहे, हा घे पंप, आता हळू सोड श्वास,” असे म्हणा. हातात पंप, मीटर आणि लिहून ठेवलेला क्रम असला की बोलणाऱ्याचाही आवाज स्थिर राहतो.

वहिनींचा निळा पंप आता महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. गाडीत अजूनही कधी जीव घाबरतो. मग त्या दाराजवळ उभ्या राहून दहा सावकाश श्वास मोजतात, नायगाव ते भाईंदर खाडीच्या पुलावर वारा लागतो, तेवढ्यात निवळते, असे त्यांनीच मला सांगितले. वही मात्र चालूच आहे. गेल्या खेपेला यजमान बरोबर आले होते. त्यांनी विचारले, “डॉक्टर, काल रात्री हिला धाप लागली. आकडा ३४० होता. मी पंप दिला नाही, शेजारी बसून राहिलो. बरोबर केलं ना?”

“बरोबर केलंत,” मी म्हणालो, “पण वहीत लिहिलंत का?”

लिहिले होते.